गिळलेली ओळ

आगवाला पडला तेव्हा त्याच्या हातात पळी होती आणि पळीत कोळसा होता. मुकादमानं आधी पळी उचलली.

आगवालीण त्या वेळी दुपारचा डबा घेऊन भट्टीची चढण चढत होती. तिनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कुणी येऊन सांगितलेलं नाही. नवरा पालथा पडलेला, एक पाय अंगाखाली मुडपलेला, गाल विटांच्या तापल्या चुऱ्यावर. आणि मुकादम त्याला ओलांडून भट्टीच्या पुढच्या तोंडाचं झाकण काढतोय, कोळसा सोडायला. ती ओरडली. मुकादम मागे न बघता म्हणाला, "वहिनी, माणूस पडला तर उचलता येतो. आग पडली तर उचलता येत नाही. एवढी रांग होऊ द्या."

ती एकटी त्याला ओढायला गेली. भट्टीच्या माथ्यावर अनवाणी उभं राहता येत नाही, आणि तिच्या पायात साध्या चपला. तळवे भाजायला लागले. नवऱ्याची काख धरून ती मागे ओढत होती आणि तो जागचा हलत नव्हता, ओल्या मातीचं पोतं असावं तसा. रांग संपली तेव्हा मुकादमानं शिट्टी मारून खालची माणसं बोलावली. मग त्याला उतरवलं. उतरवताना मुकादमानंच डोकं धरलं होतं, अगदी जपून. हेही तिनं पाहिलं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. "लवकर आणलं असतं तर फरक पडला असता का?" असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाला, "सांगता येत नाही." तो बिचारा खरं तेच बोलला. पण त्या 'सांगता येत नाही'चा निखारा तिनं पदरात बांधून घरी आणला.

घर म्हणजे भट्टीच्या आवारातली एक खोली. भट्टीच्याच विटांची, गिलावा नसलेली, वर पत्रा. आगवाल्याची जागा आहे तोवर खोली. आता आगवाला खाटेवर होता. गालावर भाजल्याचा चट्टा, तोंड डावीकडे ओढलेलं, डावा डोळा मात्र पूर्वीसारखाच खोडकर. बोलायला जायचा आणि "अं" एवढंच निघायचं. त्या 'अं'मध्ये पाणी, लघवी, माशी, राग असं सगळंच असायचं; कोणतं ते आपण ओळखायचं.

"बाबा, एक 'अं' म्हणजे पाणी आणि दोन म्हणजे भांडं, असं ठरवू या," लेक म्हणाली. लेक नवऱ्यानं टाकलेली, परत आलेली, जिभेनं तिखट. "तीन म्हणजे आईला ओरडा."

त्याचा डावा डोळा हसला. डोळ्यातून पाणी आलं ते हसण्याचं की कशाचं, ते कुणी विचारलं नाही.

भट्टीचं गणित तसं सोपं. आत कच्च्या विटा रचलेल्या, खाली आग, वर माथ्यावर तोंडांच्या रांगा, प्रत्येक तोंडावर लोखंडी झाकण. झाकण काढायचं, लांब दांड्याच्या पळीनं एक पळी कोळसा सोडायचा, झाकण लावायचं. मग थांबायचं, आणि पुढच्या तोंडाला जायचं. पळी कुणालाही सोडता येते. थांबणं ज्याला येतं तो आगवाला. कमी थांबलं तर कोळसा कोळशावर पडतो, आग पिसाळते आणि विटा वितळून एकमेकींना चिकटतात. जास्त थांबलं तर आग निजते आणि विटा पिवळ्या, पिठासारख्या राहतात.

आगवाला थांबायचा तो प्रार्थनेनं. त्याच्या बापानंही तसंच केलं होतं. एक पळी, एक प्रार्थना. पाळकांच्या पुस्तकातली नव्हे. बापानं स्वतः रचलेली, घरची. 'देवबापा, हात तुझे, काम तुझं. कच्चं आहे ते पक्कं कर, पक्कं आहे ते फुटू देऊ नको. आमच्या घासावर तुझी सावली राहू दे. ज्यानं आमचं वाईट केलं त्याचंही पोट भर, त्याच्याही घरात उजेड ठेव. प्रभूच्या नावानं मागतो. आमेन.' हीच प्रार्थना जेवताना ताटावर आणि हीच भट्टीवर. लेक लहान होती तेव्हा म्हणायची, "बाबा, देवाला वाटत असेल ही माणसं दिवसभर जेवतच असतात."

लग्न करून आली तेव्हापासून आगवालीण डबा घेऊन वर चढायची आणि तो रांग संपवेपर्यंत कडेला बसून ऐकायची. वाईट करणाऱ्याच्या ओळीआधी तो दर वेळी थांबायचा. घशात काहीतरी अडकल्यासारखा आवंढा गिळायचा, मग ती ओळ म्हणायचा. सगळ्या प्रार्थनेत तीच लांब. नव्या नवलाईत तिनं एकदा विचारलं होतं, "अहो, तिथं अडखळता का?" तो म्हणाला होता, "तिथं नाही अडखळलो तर म्हटली कशाला?"

तो पडल्यानंतरच्या पहिल्या उपासनेनंतर चर्चच्या सभेतली माणसं खोलीत प्रार्थनेला आली. पाळक आले, पाळकीणबाई आल्या, मुकादम आला. मुकादम त्यांच्याच सभेतला, पहिल्या बाकावर बसणारा. खोलीत बसायला जागा नव्हती. पाळकीणबाई पाण्याच्या पिंपावर टेकल्या आणि नाकाला पदर लावला. मग पदर लावलेला दिसू नये म्हणून डोळे पुसल्यासारखं केलं.

प्रार्थना मुकादमानं केली. त्याची प्रार्थना म्हणजे गोड गळ्याच्या माणसानं गाणं म्हणावं तशी. "प्रभू, तुझ्या या दासाला उठव. त्याच्या हाताला हात दे, जिभेला शब्द दे." म्हणता म्हणता तो खरंच रडायला लागला. आगवालीण डोळे मिटून बसली नव्हती. ती त्याच्या बुटांकडे बघत होती. हेच बूट नवऱ्याला ओलांडून गेले होते.

आमेन झाल्यावर पाळकीणबाई तिच्या कानाशी आल्या. "विश्वास ठेवा हं. आणि मनात काही राहिलं असेल तर सोडून द्या. मनातलं काहीतरी आड येतं हो कधी कधी."

"मनातलं नाही, गादीवरचं आड आलंय," लेक म्हणाली. "जरा सरकता का? चादर बदलायचीय."

सगळे लगबगीनं उठले. पाळकांनी जाता जाता खाटेवरच्या निर्जीव हातावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि न बोलताच गेले. आगवालिणीला त्या सगळ्यांत तेवढंच बरं वाटलं.

मुकादम दारात रेंगाळला. आभाळाकडे बघत म्हणाला, "पावसाच्या आत ही शेवटची भट्टी काढायचीय. आग मी तोवर दाबून ठेवलीय. या दिवसांत मोकळा आगवाला मिळत नाही. मालक म्हणतात, मिळेल तो धरून आण. मी म्हटलं, आगवालीण काढेल."

"मी?"

"इतकी वर्षं वर बसून काय केलंत? बघितलंच ना? वहिनी, सरळ सांगतो. भट्टी नीट निघाली तर जागा तुमची, खोली तुमची. मालकांकडून कबूल करून घेतलंय. नाही निघाली तर मग माझ्या हातात काही नाही."

तिला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटत होतं, आणि त्यानं तिच्यासाठी शब्द टाकला होता. अशा माणसाचं करायचं काय? सगळाच वाईट असता तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याच्या लाकडी तळाच्या चपला घातल्या. मोठ्या होत होत्या म्हणून चिंध्यांनी घोट्याला बांधल्या. ती वर चढली तेव्हा खाली विटा रचणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. "चालली बघ नवरदेवाच्या वाहाणा घालून," एक म्हणाली, आणि दुसरी हसली नाही म्हणून तीही गप्प झाली.

लेक टोपलीनं कोळसा वर आणून द्यायची. आगवालीण झाकण काढायची. तोंडातून झळ यायची ती थेट डोळ्यांच्या बुबुळांवर. भुवया पहिल्याच दिवशी गेल्या. ओठ तडकले. लुगड्याच्या काठाला ठिणग्यांची भोकं पडली. दांडा धरून तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. संध्याकाळी सगळी तोंडं माती लावून बंद करायची, आग दाबून ठेवायची आणि उजाडताच पुन्हा उघडायची. मग घरी येऊन त्याच फोडांच्या हातांनी नवऱ्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, पाठीवर जिथं कातडं लाल झालंय तिथं तेल लावायचं, मऊ शिजवलेला भात चमच्यानं भरवायचा. तो उजव्या गालात घास विसरायचा. बोट घालून काढायला लागायचा. तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा. ती बोलत राहायची, भट्टीवरच्या गमती सांगायची, म्हणजे त्याला वाटावं की तिचं लक्ष बोटाकडे नाही.

आणि वर, पळी सोडली की ती प्रार्थना म्हणायची. देवबापा, हात तुझे, काम तुझं.

पहिल्या दिवशी सगळी नीट म्हटली. वाईट करणाऱ्याची ओळ आली तेव्हा अडखळली, म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी ज्या जागी नवरा पडला होता त्या रांगेला ती पोचली. तिथं चुऱ्यावर अजून त्याच्या गुडघ्याची घसट होती. त्यानंतर तिथं कुणी पाय टाकलाच नव्हता. खालून मुकादमाचा आवाज येत होता, कुणाला तरी हसत हसत हाका मारत होता. तिनं पळी सोडली, झाकण लावलं. 'आमच्या घासावर तुझी सावली राहू दे.' पुढची ओळ जिभेवर आली आणि तिनं ती गिळली. पाण्याशिवाय औषधाची गोळी गिळावी तशी. 'प्रभूच्या नावानं मागतो. आमेन.' आणि पुढच्या तोंडाचं झाकण काढलं.

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. तिला उलट हलकं वाटलं. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा कमी बोललेलं बरं, असं तिनं स्वतःला समजावलं. त्याचं पोट भर, असं मी म्हणायचं आणि मनात म्हणायचं की फुटू दे, हे देवाला कळत नाही का? त्या दिवसापासून तिनं ती ओळ सोडूनच दिली. मग आभाळ भरून यायला लागलं, तशी भीतीनं बाकीची प्रार्थनाही भराभर होऊ लागली. देवबापा हात तुझे काम तुझं कच्चं ते पक्कं कर. पाऊस थांबव. त्याला उठव. खोली राहू दे. इतक्या कळकळीनं तिनं आयुष्यात कधी देवाला हाक मारली नव्हती. कळकळ जितकी वाढे तितकी प्रार्थना आखूड होई, आणि पळ्या लवकर लवकर पडत.

"आई, कोळसा जास्त लागतोय आज," लेक टोपली टेकवून धापा टाकत म्हणाली.

"लागू दे. आग चांगली धरलीय."

आग चांगलीच धरली होती. झाकण काढलं की आत पिवळं नाही, पांढरं दिसायचं. तिला वाटलं, देव पावला.

पाऊस आला नाही. भट्टी संपली, निवली. उघडायच्या दिवशी सगळेच जमले होते. बाहेरच्या विटा काढल्या, त्या ठीक होत्या. लाल, वाजवल्या की खणखणणाऱ्या. मुकादम तिच्याकडे बघून मान हलवत होता. मग मधला भाग उघडला. काढणाऱ्यानं एक वीट धरून ओढली आणि ती आली नाही. दुसरी धरली. मग त्यानं पहार मागवली.

मधल्या सगळ्या विटा खंगर झाल्या होत्या. काळ्या, हिरवट, काचेसारख्या चकाकणाऱ्या, वितळून एकमेकींत रुतलेल्या. पहारेनं फोडल्या की ढेकळं निघत, कडा सुरीसारख्या. कशाच्याच कामाच्या नाहीत; रस्त्याच्या खड्ड्यात भरायला तेवढ्या चालतात. पहार मारणाऱ्यानं कपाळाचा घाम पुसला आणि सहज म्हणून गेला, "देवाचा धावा केल्यानं भट्टी निघत नाही, बाई."

कुणी हसलं नाही. तेच वाईट होतं. हसले असते तर तिला भांडता आलं असतं.

मुकादम तिच्याजवळ आला. खाली बघत म्हणाला, "मी सांगितलं होतं, वहिनी." आवाजात आनंद नव्हता. "मालकांनी माणूस बघितलाय. तो आला की खोली लागेल त्याला. खंगर न्यायला गाडी येणार आहे, तीत सामान टाका. पुढच्या फाट्यापर्यंत सोडेल."

घरी येऊन ती खाटेजवळ खाली बसली. नवऱ्याला आधीच कळलं होतं. पहारेचे घाव खोलीत ऐकू येत होते, आणि लाल वीट फोडल्याचा आवाज असा नसतो. तो तिच्याकडे बघत राहिला. मग डावा हात उचलून पळी सोडल्याची खूण केली आणि बोट तिच्या तोंडाकडे केलं. म्हण.

"काय म्हणू? आता काय म्हणायचंय?"

त्यानं पुन्हा पळी सोडली. म्हण.

तिनं म्हटलं. वर म्हणत होती तसंच, आणि तो डाव्या हातानं स्वतःच्या मांडीवर हळूहळू ताल धरत होता. हात तुझे, काम तुझं. थाप. कच्चं, पक्कं. थाप. ती आमेनला पोचली, आणि त्याचा हात अजून मध्येच कुठेतरी होता. तो थांबला नाही. ती गप्प झाल्यावरही थाप पडत राहिली, एक, मग आणखी एक, मग आणखी. सगळं संपेपर्यंत. मग हात थांबला आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. आईनं मुलाच्या गुडघ्यावरची जखम बघावी तसं.

तिला कळलं. खोलीत उजेड होता, बाहेर लेक भांडी घासत होती, आणि तिला सगळं कळलं.

"हो, गिळली," ती म्हणाली. "गिळली मी ती. तुम्ही पडलात तिथंच गिळली. तुम्ही नव्हता ना बघत त्याला, तुम्ही तोंडावर पडला होता. मी बघत होते." तिचा आवाज चढला. "आणि तुमचा देव! एका ओळीसाठी? म्हातारपणी छप्पर काढून घेतलं त्यानं, एका ओळीसाठी? माझं बाकीचं एवढं मागणं ऐकलं नाही, आणि जे मागितलं नाही तेवढं बरं मोजलं!"

"अं," तो म्हणाला.

"अं काय अं! कोळसा तो कोळसा, जास्त पडला की जास्त जळतो, यात देवाचं काय, असंच ना? मग देव कशात आहे? मी पाऊस थांबव म्हटलं तर थांबला. मग हे का नाही थांबवलं? माझा हात का नाही धरला?"

त्यानं डावा हात तिच्या डोक्याकडे नेला. तो तिथवर पोचला नाही, खाटेच्या कडेवर पडला. तिनं तो उचलून डोक्यावर ठेवून घेतला नाही. आतून इतकी कोरडी झाली होती ती.

त्या दिवसापासून तिची प्रार्थना बंद झाली. रुसवा नव्हता तो. विहिरीत बादली सोडावी आणि ती खडकावर वाजावी, तसं झालं. जेवताना नवरा प्रार्थनेशिवाय तोंड उघडेना. चमचा ओठाला लावला की ओठ मिटून घ्यायचा. मग लेक पुढे झाली. "देवबापा, हात तुझे, काम तुझं, काम गेलं ती गोष्ट वेगळी," असं म्हणून तिनं पुढची सगळी म्हटली, एका सुरात, पाढे म्हणावेत तशी. त्यानं तोंड उघडलं. आगवालीण तोवर उंबऱ्यात जाऊन बाहेर बघत बसायची, आमेन झालं की आत येऊन भरवायची. स्वतः नंतर जेवायची, उभ्यानं, पातेल्यातलंच.

उपासनेलाही ती गेली नाही. पाळक एकटेच खोलीवर आले. सामान बांधलेलं बघून गाठोड्यावर बसले.

"माझ्यानं प्रार्थना होत नाही," ती म्हणाली.

"बरं," पाळक म्हणाले.

"बरं काय? रागवा की."

"माझ्यानंही नाही होत कधी कधी," पाळक म्हणाले. "तेव्हा दुसऱ्याची म्हणतो. आपली नसली म्हणून काय झालं." मग त्यांनी गाठोड्याची सैल झालेली गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. ती काही त्यांना नीट आली नाही. ते गेल्यावर तिनं ती परत बांधली.

नवा आगवाला आला तो खंगराची गाडी भरत होती त्याच दिवशी. ठेंगणा, जळक्या मिश्यांचा, बडबड्या माणूस. छप्पर त्याचं होणार होतं, तरी खोलीच्या बाहेरच चपला काढून उभा राहिला.

"मावशी, आत येऊ का? तुमचंच आहे अजून."

"या. आता तुमचंच."

तो खाटेजवळ गेला. आगवाल्याला नीट बघितलं, गालावरचा चट्टा बघितला. भट्टीवरच्या माणसाला तो चट्टा कशाचा ते सांगावं लागत नाही. त्यानं वाकून नमस्कार केला. "दादा, तुमच्या विटा मी लांबच्या भट्टीवरून ओळखतो. सगळ्या एका रंगाच्या." मग डोकं खाजवत तिच्याकडे वळला. "मावशी, एक विचारू का? दादा थांबायचे कशावर?"

"म्हणजे?"

"मी विडीवर थांबायचो. पळी सोडली की चार झुरके, मग पुढची. आता डॉक्टरनं विडी बंद केली. म्हणतो, ओढलीस तर मेलास. ओढली नाही तर भट्टी मरते. मी करू काय?"

"घड्याळ घ्या."

"घड्याळ बघायला आगीवरची नजर काढावी लागते. दादा काय करायचे ते सांगा ना. नाहीतर हीही भट्टी खंगर होईल, आणि मग तुमच्यासारखंच..." तो ओशाळून थांबला. "चुकलो."

"चुकला नाहीत. खरंच आहे."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. मग त्यानं बोट वर, भट्टीच्या माथ्याकडे केलं.

पाऊस लांबला म्हणून मालकांनी आणखी एक भट्टी लावली होती, नवी आग पेटली होती. ती शेवटची वर चढली, नवा आगवाला मागून. खाली गाडीत खंगराच्या ढिगावर पोती अंथरून लेकीनं आणि हमालांनी आगवाल्याला पाठीला गाठोडं लावून बसवलं होतं. तिथून त्याला माथा दिसत होता. शेडच्या सावलीत मुकादम जेवायला बसला होता. डबा उघडा, मान खाली, घाईघाईनं घास.

"ही आमची प्रार्थना आहे," ती म्हणाली. "तुम्हाला चालेल?"

"मला विडी चालत होती मावशी, ही काय वाईट आहे? सांगा."

त्यानं झाकण काढलं, पळी सोडली, झाकण लावलं. ती म्हणाली, "देवबापा, हात तुझे, काम तुझं." तो पुटपुटत मागून म्हणाला. "कच्चं आहे ते पक्कं कर, पक्कं आहे ते फुटू देऊ नको. आमच्या घासावर तुझी सावली राहू दे."

आणि ती थांबली. नवा आगवाला पळी धरून वाट बघत होता. त्याला वाटलं संपलं. त्यानं पुढच्या झाकणाला हात घातला.

"थांबा. झालेलं नाही."

खाली गाडीत नवऱ्याचा डावा हात मांडीवर पडत होता. सावलीत मुकादम जेवत होता. हे देवाला सांगायला नको होतं, मागायलाही नको होतं. त्याचं पोट देव तिला न विचारता कधीचाच भरत होता. मग तिचं म्हणणं कशाला हवं होतं? तिला ठाऊक नव्हतं. तिनं आवंढा गिळला.

"ज्यानं आमचं वाईट केलं," ती म्हणाली, "त्याचंही पोट भर. त्याच्याही घरात उजेड ठेव."

आवाज फाटका आला. मनापासून आला नाही. आत काही हललं नाही, विरघळलं नाही. नवऱ्याचं अंग तसंच होतं, खोली गेली ती गेलीच, आणि भावाच्या घरी जायचं होतं तिथल्या वहिनीनं अजून 'या' म्हटलं नव्हतं. फक्त ओळ पूर्ण झाली. "प्रभूच्या नावानं मागतो. आमेन. आता सोडा."

त्यानं पळी सोडली. धुराचा काळा गोळा उठला, पातळ झाला, निवळला. त्यानं तोंडात वाकून बघितलं आणि शीळ घातली. "बरोबर जमतंय." मग मिश्या चोळत म्हणाला, "पण मावशी, मधलं ते काय? वाईट केलेल्याचं पोट आपण कशाला भरायचं? तेवढं गाळलं तर?"

"गाळायचं नाही."

"का?"

ती उतरणीकडे वळली होती. तळव्यांना झळ लागत होती.

"वीट जळते," ती म्हणाली, आणि खाली उतरली.